जाड पत्रा

कुणी नवीकोरी गाडी दारात आणली, की पेढा तोंडात टाकता टाकता मी तिच्या दरवाजावर टिचकी मारायचो. "डबडं आहे हो. पूर्वीचा पत्रा बघायला हवा होता." राजगुरुनगरात असं बोलायला जरा निगरगट्टपणाच लागतो, कारण इथं प्रत्येक आळीत चार जण तरी चाकणला गाड्यांच्या कारखान्यांत कामाला. माझा सख्खा पुतण्या बॉडी शॉपमध्ये आहे, रोबोटच्या वेल्डिंगवर नजर ठेवायला. तो हसून विषय सोडून द्यायचा.

या जुन्या पत्र्याच्या भक्तीपायीच मी फियाट घेतली. १९७२ची ११००-डी, वाड्याच्या बाजूला एका गोठ्याशेजारी उभी होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याच्या कारखान्यातली. हीच गाडी पुढे १९७४ पासून पद्मिनी म्हणून विकली गेली. मुंबईची काळी-पिवळी ती हीच, आणि तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. स्टिअरिंगला गिअरची दांडी, पुढे सोफ्यासारखी सलग सीट. मी बघताक्षणीच विरघळलो. आरसी बुकावरचा चासी नंबर तेवढा गाडीवरच्या नंबराशी ताडून घेतला, ते एक बरं केलं. बाकी सगळं डोळे मिटून.

गाडी घरी आली तेव्हा पुतण्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. "काका, जिथं चिकटेल तो पत्रा." बॉनेटला चिकटलं, टपाला चिकटलं. दरवाजाच्या खालच्या अंगाला लावलं तर टपकन खाली पडलं. मडगार्डला तेच, फुटबोर्डलाही तेच. ज्या जाडीवर मी फिदा होतो ती पुट्टी होती, कुणाकुणाच्या हातची, थरावर थर. पायाखालचं रबरी मॅटिंग उचललं तर भोकातून अंगणातली फरशी दिसली. त्या काळच्या पत्र्याला गंजापासून आजच्यासारखं संरक्षण नसायचं. आज अख्खी बॉडी रंगापूर्वी रसायनाच्या हौदात बुडवून काढतात. हे मला पुतण्या सांगत होता, आणि मी खाली वाकून फरशी बघत होतो.

तरी मत बदललं ते गंजामुळे नव्हे. ते बदललं ब्रेकमुळे. या गाडीला चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच. म्हणजे एका चाकाच्या सिलिंडरमधला बोटभर रबरी वायसर फाटला, की चारही ब्रेक गेले. आजच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा राहतो. मला हे कळलं खेड घाटात, उतारावर, पुढे उसाचा ट्रॅक्टर असताना. पाय दाबला तो थेट तळाला टेकला. गिअर उतरवत, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या अंगाला गाडी घासत थांबवली. माझ्या छातीसमोर स्टिअरिंगचा सरळ लोखंडी दांडा होता आणि अंगावर पट्टा नव्हता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग पुतण्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेत २००९ साली विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेनं १९५९ची शेव्हरले बेल एअर आणि २००९ची शेव्हरले मॅलिबू समोरासमोर धडकवली होती. बेल एअर म्हणजे नुसतं लोखंड. मी पैज तिच्यावरच लावली असती. तिची केबिन चुरगळून गेली आणि आतल्या पुतळ्याच्या जागी खरा चालक असता तर जागच्या जागी मेला असता. नवीचं तोंड पार चेपलं, पण चालकाची बसायची जागा शाबूत होती. नवी गाडी चेपते ती मुद्दाम. धक्का पत्र्यानं खायचा, माणसानं नाही. माझी टिचकी ज्या पत्र्यावर पडायची तो पातळ ठेवलेला असतो, आतला सांगाडा वेगळ्याच कडक पोलादाचा. आणि हे काम होतं आमच्या घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर. चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही ७००, टायगुन, कुशाक या गाड्यांना धडकेच्या चाचणीत पाच तारे मिळालेत. मी त्यांना डबडं म्हणत होतो.

मग लोक जुन्या फियाटला दणकट का म्हणत? माझा आपला अंदाज असा, की दुसरं होतंच काय? फियाट किंवा अँबॅसॅडर, आणि नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. मारुती आली १९८३च्या डिसेंबरात. जी एकच गाडी मिळते ती माणूस जपतो, दर महिन्याला ग्रीस भरतो, दर पावसाळ्यानंतर मिस्त्रीकडून ठोकून घेतो. दणकटपणा होता तो त्या मिस्त्रींचा.

माझ्या फियाटसारख्या पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आणला. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि गाडी फक्त प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला बाहेर काढायची. रोजच्या वापराला मनाई. तेव्हा मी चारचौघांत सरकारला शिव्या घातल्या होत्या. आता तो नियम मला शहाणपणाचा वाटतो. चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत ही गाडी उभी राहिली, की इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा मंदावतो, काटा चढतो, इंजिनावरच्या पेट्रोल पंपात वाफ धरते आणि मी भर रस्त्यात पंपावर ओलं फडकं गुंडाळत बसतो. मागच्या लोकांनी हे का सोसावं?

गाडी विकणार का, असं विचारतात. नाही. सकाळी चोक ओढून ती जागी होते तेव्हा मी आजही विरघळतो. फक्त रंगाचे पैसे आधी ब्रेकला गेले: चारही सिलिंडर, मास्टर सिलिंडर, नळ्या, सगळं नवं. काही पुण्याच्या नाना पेठेत मिळालं, काही कुर्ल्याहून आलं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं जुनी रबरं फुगतात, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदाही बदलला. पुढच्या सीटला पट्टे बसवायचेत; त्यासाठी आधी तळाचा सडका पत्रा कापून नवा जोडायचा, नाहीतर पट्टा धरून ठेवणार कशाला? ते वेल्डिंग कुठं कसं मारायचं, याची खडूची खूण पुतण्यानं गाडीवर करून ठेवली आहे.