दोन दिवस, एक रात्र आणि जालना जिल्हा

१/१२
जालन्यातील एका तरुण जोडप्याला दिवाळीनंतरचा एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला आहे. लग्नाला तीन वर्षे झाली. घर एकत्र कुटुंबाचे, त्यामुळे दोघांनीच कुठे जाण्याचा हा पहिला योग. तो लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये पर्यवेक्षक आहे आणि चाकणच्या एका कारखान्यातून त्याला बोलावणे आले आहे. महिनाअखेर होकार किंवा नकार कळवायचा आहे. ती कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते.

२/१२
त्याच्या मनात महाबळेश्वर होते. तिचे म्हणणे असे की, जिल्हा सोडायचाच असेल तर तो एकदा पाहून तरी सोडावा. “इथे पाहण्यासारखे आहे काय?” हा त्याचा प्रश्न रास्त होता. कारखान्यांच्या गावी कोणी सहलीला जात नाही, अशीच आपली समजूत असते.

३/१२
तिने इंग्लंडचे उदाहरण दिले. सेव्हर्न नदीवर १७७९ साली ओतीव लोखंडाचा पूल उभा राहिला. असा मोठा पूल जगात पहिलाच. भोवतीच्या खोऱ्यातील भट्ट्या पुढे विझल्या, कामगार पांगले. १९८६ मध्ये तोच परिसर जागतिक वारसा ठरला. आता जोडपी तेथे दोन दिवसांच्या सुट्टीला जातात आणि थंड पडलेल्या भट्ट्या पाहून येतात. रोज तप्त लोखंडाजवळ उभे राहणाऱ्या तिच्या नवऱ्याला याचे मोठे नवल वाटले.

४/१२
मग वही उघडली गेली. शनिवार सकाळ : कुंडलिका नदी. एका काठावर जुना जालना, समोरच्या काठावर कादराबाद ही व्यापारी पेठ. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण येथे प्रत्येकाने ऐकलेली असते. मात्र ते सोने कोणते, हे प्रत्येक पिढीत बदलत गेले.

५/१२
त्यानंतर छावणीचा भाग. १८२७ मध्ये येथे लष्करी तळ वसला. पुढे हैदराबाद कंटिन्जंट या निजामाच्या खर्चाने पोसलेल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील फौजेचे हे ठाणे होते. १९०३ मध्ये ते उठले. लष्कर जाते तेव्हा त्याच्यावर जगणारे दाणेवाले, शिंपी, धोबी, गवतवाले यांचेही गिऱ्हाईक जाते. जालन्याने हा धक्का शंभर वर्षांपूर्वीच सोसलेला आहे.

६/१२
तरीही गाव ओस पडले नाही. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे त्याच सुमारास, १९००च्या आगेमागे, सुरू झाली होती. कापूस, सरकी आणि धान्य यांना लांबची बाजारपेठ मिळाली. म्हणून तिसरा थांबा रेल्वे स्थानक. तेथे पाहायचे ते इमारतीपेक्षा गावाची दिशा कशी वळली ते.

७/१२
पुढचे वळण बियाण्यांचे. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या वाणाच्या बियाण्यापासून सुरुवात केली आणि १९६४ मध्ये महिकोची स्थापना केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. छावणीच्या काळात येथील बागांची फळे बाहेरगावी जात. नंतर येथील बियाणे देशभर गेले.

८/१२
दुपारी दुचाकीने राजूरमार्गे भोकरदन. राजूरचा गणपती वाटेतच आहे. चतुर्थीला तेथे अलोट गर्दी असते, म्हणून तिने पंचांग पाहून तारीख पक्की केली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भरहुत आणि सांची येथील दानलेखांत या नगराच्या रहिवाशांचा उल्लेख येतो. उज्जैनहून पैठणला जाणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे गाव.

९/१२
१९७३ च्या उत्खननात येथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. मणी, शंखाच्या वस्तू आणि हस्तिदंती काम मिळाले. त्यातील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ती मूर्ती भोकरदनच्या कारागिरांनीच घडवली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे या जिल्ह्यातील पहिले ‘औद्योगिक क्षेत्र’ दोन हजार वर्षांपूर्वीचे.

१०/१२
तेथून असई. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. समोरासमोरच्या काठांवर दोन गावे दिसतात, त्याअर्थी मधे उतार असलाच पाहिजे, हा त्याचा तर्क खरा ठरला. लढाई त्याने जिंकली. पण ठार, जखमी व बेपत्ता मिळून त्याचे सुमारे १,६०० लोक कामी आले. पुढे वॉटर्लू जिंकल्यानंतरही आपली सर्वोत्तम लढाई म्हणून त्याने असईचेच नाव घेतले. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी जालन्याचा किल्ला आणि प्रांत सोडला.

११/१२
मुक्कामाचा प्रश्न नाजूक होता. आपल्याच जिल्ह्यात लॉजवर उतरले तर सासर-माहेर दोन्हीकडे चर्चा व्हायची. म्हणून रात्र जिल्ह्याबाहेर, अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला. रविवारी सकाळी लेणी आणि संध्याकाळपर्यंत घर. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे परतीचा दिवस पुढे ढकलण्याची सोय नाही. हिशेब : दुचाकीचे पेट्रोल, एका रात्रीचे भाडे, दोन वेळचे जेवण. महाबळेश्वरच्या निम्म्यातही होणार नाही.

१२/१२
वही त्याच्या हाती गेली. त्याने ती शेवटपर्यंत वाचली आणि यादीच्या वर एक ओळ लिहिली : ‘शनिवार, सकाळी सात, मिल.’ भंगार वितळते, त्याचे बिलेट होते आणि बिलेटाची सळई होऊन लाल नागिणीसारखी धावत येते, हे तिने तीन वर्षांत एकदाही पाहिलेले नाही. साहेबांची परवानगी काढतो, लांबून का होईना दाखवतो, असे तो म्हणाला. इतिहासाच्या यादीत आपल्या नवऱ्याचे काम आपण धरलेच नव्हते, हे तिच्या तेव्हा ध्यानात आले. चाकणला काय कळवायचे, यावर त्या रात्री दोघे बोलले नाहीत. ते बोलणे फर्दापूरसाठी राखून ठेवले आहे.