प्रवरासंगमचा पूल, वडाळ्याचे चर्च आणि आपले अर्धे घर

नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाताना घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा ही गावे मागे टाकली की प्रवरासंगम येते. इथे प्रवरा गोदावरीला मिळते. पूल ओलांडला की पलीकडे कायगाव. या जागेची माहिती विचारली, तर लोक टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर दाखवतात, घाट दाखवतात, दशक्रिया विधीला किती गर्दी होते ते सांगतात. आम्ही याच तालुक्यातले. आमच्या माणसांचा इतिहास या माहितीत कुठेच नसतो.

तो असा आहे. सप्टेंबर 1948 पर्यंत ही गोदावरी म्हणजे सरहद्द होती. अलीकडे इंग्रजांचा नगर जिल्हा, पलीकडे निजामाचे राज्य. राज्ये दोन होती, पण महारकी दोन्हीकडे सारखीच. सरकारी माणसाचे ओझे डोक्यावर घ्यायचे आणि पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचे, हे वतनदार महाराचे काम. आमच्या घरातली म्हातारी माणसे सांगायची, की नदीपर्यंत ओझे नेणाऱ्याचा विटाळ ओझ्याला होत नसे, पाण्याला मात्र व्हायचा. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिकला, 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे आपल्याला पाठ आहे. त्याच नदीच्या या घाटावर आपण कुठे उभे होतो, हे मात्र आपण कधी विचारले नाही.

या रस्त्यावरचे आपले दुसरे ठिकाण म्हणजे वडाळा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला ठाणे केले आणि पुढे वडाळा हे त्यांचे खेड्यातले मोठे केंद्र झाले. मिशनच्या शाळा महारवाड्यांत भरू लागल्या. ज्या पोरांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांच्या हातात पाटी आली. नगरला सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हेही विसरू नये. 1876-78 च्या दुष्काळानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्यांत बहुतेक आपलेच लोक होते.

आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ त्यांच्यातलेच एक. थोरल्याचा वंश महारवाड्यात राहिला आणि 1956 नंतर बौद्ध झाला. धाकट्याचा वंश ख्रिस्ती. आडनाव एकच. आमच्या लग्नाला ते येतात, नाताळला आम्ही वडाळ्याला जातो. मग ‘धान्यासाठी धर्म विकला’ असे कोणी म्हणाले, की आम्हाला राग येतो. दुष्काळात ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या होत्या त्यांनी महारवाड्याला काय दिले, ते आधी सांगा.

पण मिशनची आरती ओवाळणे हेही आपले काम नाही. वडाळ्याला राहिलेले पाद्री सॅम्युअल फेअरबँक पक्ष्यांचे अभ्यासक होते. दक्षिणेतल्या डोंगरांतल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही ‘फेअरबँकी’ आहे. त्याच काळात गावोगाव पायी फिरून शाळा चालवणाऱ्या आपल्या मास्तरांची नावे आज त्यांच्या पणतवंडांनाही सांगता येत नाहीत. बाबासाहेबांची टीका तर याहून खोल होती. धर्मांतरित ख्रिस्ती माणसाची जात चर्चमध्येही त्याच्या मागे येते, असे त्यांनी दाखवले. मिशनऱ्यांनी त्याला शिकवले, की तुझ्या दुःखाचे कारण पाप आहे. समाजव्यवस्था बदलायला हवी, हे शिकवले नाही. म्हणून तो अन्यायाविरुद्ध उभा राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्हाला पटते.

आता खरा मुद्दा. आमच्या ख्रिस्ती चुलत्यांच्या मुलाला गावात आजही जुन्याच जातीने ओळखतात. शिवी देणारा त्याचा बाप्तिस्म्याचा दाखला बघत नाही. पण जातीच्या दाखल्यासाठी तो कचेरीत गेला, तेव्हा त्याला सांगितले गेले, “तुम्ही ख्रिश्चन, तुम्हाला अनुसूचित जातीचा मिळणार नाही.” कायद्याने ते बरोबरच होते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जात हिंदूंपुरती ठेवली. त्यात 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. परिणाम असा, की अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही त्याला नाही. काही घरे रविवारी चर्चमध्ये जातात आणि कागदावर ‘हिंदू महार’ लिहितात. या लपवाछपवीला आपण हसतो.

हसण्याआधी 1956 ते 1990 आठवा. त्या 34 वर्षांत केंद्राच्या सवलतींसाठी आपणही बाहेरच होतो. धर्म बदलला म्हणून गावाने जात पुसली नाही, हाच युक्तिवाद आपण तेव्हा केला. तो आपल्यापुरता खरा आणि वडाळ्याच्या भावापुरता खोटा कसा?

काही कार्यकर्ते म्हणतात, वाटेकरी वाढतील. भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय म्हणून लोकसंख्येप्रमाणे कोटा वाढवून मागा. भावाला दाराबाहेर ठेवणे हा उपाय नव्हे. दुसरे म्हणतात, ते आपल्या मोर्चात कधी आले नाहीत. खरे आहे. पण आपण त्यांच्या चर्चच्या अंगणात सभा घ्यायला कधी गेलो?

1950 मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढले, ते पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. आमच्या घरातली पहिली पदवी तिथलीच, हीच गोदावरी ओलांडून मिळवलेली. ज्या पाण्यापर्यंत पणजोबा ओझे घेऊन गेले, ते ओलांडून त्यांचा नातू पुस्तके घेऊन गेला. धाकट्या घरातला पहिला शिकलेला माणूस वडाळ्याच्या मिशन शाळेतला. दोन्ही इतिहास आपलेच आहेत.

म्हणून या येत्या हिवाळ्यात आम्ही एक काम हाती घेतले आहे. वडाळ्यापासून संगमापर्यंतच्या गावांत जाऊन बौद्ध आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांकडून पूर्वजांची नावे लिहून घ्यायची. ज्यांना यायचे आहे त्यांनी वही घेऊन या.

जयभीम.