वाढीव खोलीची फी

राहत्या घरावर मजला चढवायचा किंवा मागच्या अंगाला दोन खोल्या काढायच्या, तर आर्किटेक्टच्या फीचा हिशोब नव्या घरासारखा करून चालत नाही. नव्या घराला रिकामी जागा असते. वाढीव बांधकामात जुने घर आधीच उभे असते आणि निम्मे काम ते घर समजून घेण्याचे असते. उदाहरणार्थ, नातेपुते गावाच्या गावठाणात मातीच्या माळवदाची, दगडी भिंतींची घरे आहेत आणि त्यांच्या पाठीला नंतर जोडलेल्या विटांच्या खोल्या आहेत. अलीकडच्या स्लॅबच्या घरांवर ‘पुढेमागे मजला घेऊ’ म्हणून सोडलेल्या कॉलमच्या सळया गंजत उभ्या असतात.

सळ्या वर आहेत म्हणून मजला पेलेलच असे नाही. पाया काळ्या मातीत थांबला आहे की मुरमापर्यंत उतरला आहे, कॉलममध्ये किती सळी आहे, स्लॅबला कुठे ओल धरली आहे, हे पाहावे लागते. त्यासाठी कॉलमशेजारी खड्डा घेऊन पाया उघडा करतात, भिंती मोजतात आणि आहे त्या घराचा नकाशा काढतात. हे काम मजला होवो न होवो, करावेच लागते. म्हणून पाहणी आणि मोजमापाची रक्कम वेगळी ठरवावी. ती आधी देऊन अहवाल घ्यावा आणि मगच पुढच्या कामाचा करार करावा. पाया मजला पेलणार नाही असे निघाले, तरी हे पैसे वाया गेले असे समजू नये. त्यांनी मोठा खर्च आणि धोका टळतो.

कागदांचीही अशीच पाहणी असते. नातेपुत्यात २०२१ साली ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आली. त्याआधीच्या अनेक घरांची नोंद नमुना ८ च्या उताऱ्यावर सापडते, पण मंजूर नकाशा हाती नसतो. आता राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, म्हणजे डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, प्रस्ताव द्यावा लागतो. समासात सोडायची जागा आणि वापरता येणारे चटईक्षेत्र यांचा हिशोब जुने बांधकाम धरूनच होतो. जुन्या घराचे कागद जुळवण्याचे श्रम फीत धरले आहेत का, हे पहिल्याच बैठकीत विचारावे.

फी ठरवण्याच्या रीती मुख्यतः तीन. बांधकाम खर्चाच्या टक्क्यांवर, चौरस फुटावर किंवा ठोक रकमेत. समजा ४०० चौरस फुटांची वाढ आहे आणि हिशोबापुरता १,८०० रुपये दर धरला, तर खर्च ७,२०,००० रुपये होतो. सहा टक्क्यांनी फी ४३,२०० रुपये. आर्किटेक्ट जीएसटीत नोंदलेला असेल तर १८ टक्क्यांचे ७,७७६ रुपये वर, म्हणजे एकूण ५०,९७६ रुपये. टक्केवारीत एक अडचण आहे : खर्च वाढला की फीही वाढते, आणि छोट्या पण किचकट कामाला ती अपुरी पडते. जुन्या घराच्या पोटातून नवा जिना काढण्याला चौरस फूट थोडे लागतात, डोके फार लागते. म्हणून वाढीव कामाला टप्प्यांत वाटलेली ठोक रक्कमच मालक आणि आर्किटेक्ट दोघांनाही न्याय्य ठरते.

टप्प्यांचा आधार तयार आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ खाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेने कामाच्या अटी आणि फीचा तक्ता दिला आहे. त्यात कल्पनाचित्रापर्यंत १० टक्के, प्राथमिक नकाशांपर्यंत एकूण २०, मंजुरीच्या नकाशांपर्यंत एकूण ३५ आणि उरलेली फी कामाच्या नकाशांपासून घर पुरे होईपर्यंत विभागलेली आहे. म्हणजे ‘प्लॅन पास’ झाला तेव्हा निम्मेही काम झालेले नसते. तालुक्याच्या गावी बहुतेक घोळ इथेच होतो. मालक मंजुरीच्या नकाशापुरते पैसे देतो आणि सळी कुठे वाकवायची, खिडकीचा सज्जा किती, नवी भिंत जुन्या भिंतीला कशी जोडायची, हे सगळे गवंड्यावर सोडतो. नव्या-जुन्याच्या सांध्यातली उभी चीर आणि पावसाळ्यातली गळती तिथूनच सुरू होते.

‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावायला परिषदेची नोंदणी लागते. नकाशा मात्र परवानाधारक इंजिनिअरही देऊ शकतो, आणि साध्या कामाला तो पुरेसा असतो. कोणाकडेही गेले तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी, जागेची मोजणी, नगरपंचायतीचे विकास शुल्क आणि बांधकाम कामगारांचा एक टक्का उपकर हे सहसा फीबाहेर असतात. स्वतःच्या राहण्याचे ठरावीक खर्चापर्यंतचे काम उपकरातून सुटते. आर्किटेक्ट अकलूज, फलटण किंवा बारामतीहून येणार असेल तर साइटवरच्या फेऱ्या आणि प्रवासखर्च आकड्यांत लिहून घ्यावा. पाया, प्लिंथ, स्लॅबच्या सळ्या आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग या चार वेळी त्याने यायलाच हवे. ही देखरेख रोजच्या हजेरीची नसते. रोज माणूस उभा हवा असेल तर त्याचा पगार वेगळा.

काम मिळवण्यासाठी दलाली देणे-घेणे आर्किटेक्टांच्या १९८९ च्या आचारनियमांत निषिद्ध आहे. फरशी किंवा सिमेंटच्या एकाच दुकानाचा आग्रह होऊ लागला, तर दुसरीकडचा भावही मागवावा.

नातेपुत्यात घर वाढवताना आणखी एक गोष्ट आर्किटेक्टला आधीच सांगण्याजोगी असते. आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी इथे मुक्कामी असते आणि अनेक घरांत वारकरी उतरतात. बाहेरून जाता येईल असे न्हाणीघर, रुंद ओटा, गच्चीवर पाण्याची जादा टाकी, हे कल्पनाचित्रातच आले तर फीत बसते. स्लॅब पडल्यावर सुचले तर तो बदल ठरतो, आणि बदलाचे पैसे मागण्याचा आर्किटेक्टला हक्क असतो.

शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बांधले तसे नकाशे हातात पडल्यावर द्यावा. पाया, कॉलम, सळी आणि गाडलेल्या नळांच्या जागा त्या नकाशात असाव्यात. म्हणजे पुढच्या वाढीवेळी पुन्हा खड्डा घेऊन पाया शोधावा लागत नाही.