गाडीला समुद्र कळतो

समुद्र जवळ आला की आमच्या गाडीला कळतं! गेल्या रविवारी आंबा घाट उतरताना हे डोळ्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. दूधवाल्याला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, आता तुम्हाला सांगतो.

स्टिअरिंगखाली वाकून बघा. सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. इंजिनचा दिवा लागला की मिस्त्री तिथंच स्कॅनर जोडतो. अमेरिकेत १९९६ पासून हे प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीचं आहे आणि आपल्याकडच्या अलीकडच्या गाड्यांतही असतंच. आठ वर्षं ही गाडी चालवतोय, पण तिथून आपल्यालाही गाडीशी बोलता येतं, हे मला नववीतल्या लेकीनं दाखवलं. काड्यापेटीएवढा ईएलएम ३२७ ब्लूटूथ अडॅप्टर, एक ईएसपी ३२ बोर्ड आणि अंगठ्याएवढा डिस्प्ले. सगळं मिळून दीड हजाराच्या आत!

पहिली रात्र विसरणं शक्य नाही. अंगणात गाडी चालू करून आम्ही दोघं आत बसलो आणि तिनं फोनवरून ०१०५ एवढंच पाठवलं. ०१ म्हणजे 'आत्ताचं सांग' आणि ०५ म्हणजे 'कूलंटचं तापमान'. क्षणात उत्तर आलं : ४१ ०५ ७८. यातला ७८ सोळाच्या पटीत मोजायचा. म्हणजे सोळा साते एकशे बारा आणि आठ, एकशे वीस. त्यातून चाळीस वजा केले की ऐंशी अंश. चाळीस का? एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, उणे अंशांना जागाच उरत नाही. म्हणून शून्याची खूणच चाळीस अंश खाली सरकवलेली. किती साधी, किती सुंदर युक्ती! मिनिटाभरात ८१ झालं, मग ८२. बॉनेटखाली काय चाललंय ते गाडी आम्हाला सांगत होती.

मग डिस्प्लेची ती छोटी पाटी बसवायला ब्रॅकेट हवं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी भंगारातला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा उचलला, कानस मारली, दोन भोकं पाडली, कडा बोटानं चाचपून पुन्हा घासली. 'पोरगी हात लावणार, धार नको,' म्हणाले. पैसे घेतले नाहीत. घाटात यावर काय दिसतं ते येऊन सांगा, एवढंच मागितलं. डिस्प्ले मुद्दाम माझ्या बाजूला लावला नाही. चालवणाऱ्यानं रस्ता बघायचा, आकडे लेकीनं वाचायचे.

आणि घाटात वाचायचा आकडा होता ०१३३ या प्रश्नाचा, बाहेरच्या हवेचा दाब. गाडीला तो लागतो, कारण हवा किती त्यावर पेट्रोल किती हे ठरतं. उंचावर हवा विरळ, तिथं पेट्रोलही कमी सोडायचं. सगळ्याच गाड्या हा आकडा देतात असं नाही. आमची देते!

पहाटे दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग बांधून निघालो. कोल्हापुरात पाटीवर ९५ किलोपास्कल. वाघबीळ, बांबवडे, मलकापूर करत आंब्याला पोचलो तेव्हा ९४. घाट लागला. पहिल्या काही वळणांवर काहीच हलेना आणि मग लेक ओरडली, 'बाबा, पंच्याण्णव!' जरा खाली शहाण्णव. ढोबळ हिशेबानं दर ८५ मीटर उतरलं की एक किलोपास्कल वाढतो. म्हणजे आमच्या डोक्यावर हवेचा एकेक थर चढत होता आणि काच बंद करून बसलेल्या आम्हाला तो मोजता येत होता!

सत्त्याण्णवला मागून आई म्हणाली, 'माझ्या कानात दडं बसलं बघ.' लेक पाटीकडे बघते, आजीकडे बघते. आईनं बडीशेप तोंडात टाकली, दोनदा आवंढा गिळला. 'आता उघडलं.' लाल एसटीनं हा घाट उतरताना आई दर वेळी हेच म्हणायची. आज तिच्या कानातलं आणि पाटीवरचं एकच निघालं. माझ्या अंगावर काटा आला.

हे किलोपास्कल ज्याच्या नावाचं, त्या पास्कलनं १६४८ साली आपल्या मेहुण्याला, पेरिएला, पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्वी द डोम डोंगरावर चढायला लावलं होतं. वर पारा उतरला आणि हवेलाही वजन असतं यावर शिक्का बसला. तोही घरच्यांचाच उद्योग! रस्ताभर मला तो मेहुणा आठवत होता.

साखरप्याला ९९. मला वाटलं, आता भराभर शंभर होतील. पण नाणीज गेलं, पाली गेली, हातखंबा आला, तरी आकडा ९९ सोडेना. बायको बाहेर बघत म्हणाली, 'अहो, आपण अजून सड्यावर आहोत ना!' खरंच की. जांभ्या दगडाचा तो सपाट सडा इतकी वर्षं नुसता बघितला होता. तो समुद्रापासून किती वर उचललेला आहे, ते त्या अडून बसलेल्या ९९ नं दाखवलं.

मग रत्नागिरीचा उतार. शंभर. काजळी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून भाट्याच्या सुरूबनाशी गाडी थांबवली, तेव्हा पाटीवर १०१. झाडांच्या आडून समुद्र अजून दिसतही नव्हता. लेकीनं वहीत शेवटचा आकडा लिहिला आणि चप्पल गाडीतच टाकून पळत सुटली.

सोमवारी ती वही घेऊन उद्यमनगरात गेलो. काकांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि एकेक आकड्यावर बोट ठेवत कोल्हापूर ते भाट्ये वाचत गेले. आता बेत गगनबावड्याचा. तिथून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरतात. एकानं उतरायचं, दुसऱ्यानं चढायचं आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. काका येतो म्हणालेत. आईनं बडीशेपेची डबी आत्ताच भरून ठेवलीय.