गव्हाविना पाव

‘बहुधान्य’ हे विशेषण मोठे फसवे आहे. बाजारच्या बहुधान्य पावात नाचणी, ज्वारी, जवस यांची हजेरी असली, तरी त्याचा डोलारा बहुधा गव्हावरच उभा असतो. आमच्या घरातील मुलाला सीलिअ‍ॅक विकार आहे. त्याला गव्हाचा कणही वर्ज्य. गहू आणि हा विकार यांचे नाते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडले.

म्हसळ्यात नाचणी व तांदूळ आम्ही घरीच दळतो. गिरणीत आधीच्या दळणाचा गहू मागे राहतो. या धान्यांत ग्लुटेन नाही. मग पीठ धरून कोण ठेवणार? उत्तर कोकणातल्या तांदळाच्या भाकरीपाशी आहे: उकड. उकळत्या पाण्यात पिष्ट शिजते, चिकट होते. थोड्या पिठाची उकड काढून, ती निवल्यावर उरलेले पीठ, यीस्ट आणि इसबगोल घातले की पाव फुगतो; बेताचाच, पण फुगतो.

भाकरी असताना पावाचा हट्ट कशाला, असे आम्हांला विचारले जाते. पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा, हेही ऐकवले जाते. परंतु मधल्या सुट्टीत इतरांच्या डब्यात जे असते ते आपल्याही डब्यात असावे, ही मुलाची मागणी पंगतीत बसण्याची आहे.