मला आवडलेले पुस्तक : राजपुत्र आणि भिकारी

ही कादंबरी मार्क ट्वेन या अमेरिकन लेखकाची. ती १८८१ साली छापली. गुरुजींनी दर शनिवारी शेवटच्या तासाला ती आम्हाला मराठीतून सांगितली.

गोष्ट इंग्लंडमधली, साल १५४७. तिथे ट्युडर घराण्याचे राज्य होते. आठव्या हेन्री राजाचा मुलगा एडवर्ड खरोखर होऊन गेला. तो नऊ वर्षांचा असताना राजा झाला, म्हणजे माझ्यापेक्षा लहान! पुढची अदलाबदल मात्र लेखकाने मनाने रचली आहे.

लंडनच्या एका घाण बोळात टॉम कँटी राहायचा. बाप त्याला भीक मागायला लावायचा. पैसे नाही आणले की बडवायचा. आई स्वतः उपाशी राहून त्याच्यासाठी तुकडा लपवून ठेवायची. एक दिवस एडवर्डने त्याला राजवाड्यात नेले. दोघे दिसायला अगदी सारखे. त्यांनी कपडे बदलले. झाले! शिपायाने खऱ्या राजपुत्राला भिकारी समजून हाकलले. तो 'मी राजपुत्र आहे' म्हणायचा आणि लोक हसायचे. माइल्स हेंडन नावाच्या शूर माणसाने त्याला सांभाळले. त्याला बसणारे फटके आपल्या पाठीवर घेतले. इकडे टॉम राजमुद्रेने सुका मेवा फोडायचा! आम्ही लई हसलो.

पण एक जागा मला विसरता येत नाही. राज्याभिषेकाच्या मिरवणुकीत टॉम घोड्यावर होता. गर्दीत आई दिसताच दचकून त्याने डोळ्यांपुढे हात धरला, तळवा बाहेर. ती त्याची लहानपणची सवय. आईने लगेच ओळखले. धावत येऊन तिने त्याचा पाय धरला. टॉम म्हणाला, मी या बाईला ओळखत नाही. शिपायाने तिला मागे ओढले. मग टॉमला इतकी लाज वाटली, की राजेपण नकोसे झाले. खरा एडवर्ड आला, तेव्हा हाच राजा असे टॉमनेच सांगितले.

सगळे लोक कपड्यांना फसले. टॉमच्या आईने कपडे पाहिले नाहीत, हात पाहिला.

माझी आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाते. पालकसभेला ये म्हटले तर म्हणते, "माझं लुगडं ठिगळाचं, सगळ्यांम्होरं कशी येऊ?" पुढल्या वर्षी मी पाचवीला तालुक्याच्या शाळेत जाणार. तिथेपण मी तिला बोलावणार. खुरप्याने तिचे हात कडक झालेत. शंभर बायांत मी ते ओळखीन.

आईला वाचता येत नाही. ती सभेला आली, की हे मीच तिला वाचून दाखवीन.

— इयत्ता ४ थी