पानाशेजारचा पेला

नवलाख उंबरे,
वैशाख

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. जावईबापूंचे साहेब जेवायला येणार, मटणाचा बेत आहे, चार हजारांपर्यंतची परदेशी रेड कुठली घेऊ, एवढंच तू विचारलंस. पण त्याखाली जे लिहिलंयस, ‘मामा, तुझ्याकडे असते तसली रोजची नको, तिच्यात बोलण्यासारखं काही नसतं’, ते मनातून जाईना. मामीला वाचून दाखवलं, तर तीही गप्प झाली.

आधी उत्तर देतो. तुझ्या सासूबाईंचा काळ्या मसाल्याचा रस्सा चांगला झणझणीत असतो. भारी रेडमध्ये अल्कोहोल जास्त, आणि द्राक्षाच्या सालीतून-बियांतून उतरलेला तुरटपणाही जास्त. तिखटावर हे दोन्ही आले की जिभेची आग वाढते आणि चार हजारांचं जे काही बाटलीत असेल ते कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा नाशिककडची पांढरी शेनिन ब्लाँ घे, किंचित गोडसर असेल ती. दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेव. रेडच हवी असेल तर शिराझ घे, पण तीही अर्धा तास फ्रिजमध्ये घालूनच. रेड खोलीतल्या हवेला प्यावी हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा. आपल्या वैशाखात तसं केलंस तर फळाचा वास राहतो बाजूला आणि नुसती दारू नाकात जाते.

आता माझं ऐक. परवा आमच्याकडे पानं वाढायच्या आधी तू ओट्याशी उभी राहून शेनिनचा एक घोट घेतलास, ‘आंबट आहे’ म्हणालीस आणि पेला तिथंच ठेवून दिलास. जेवायला बसलीस ती पाण्याचा तांब्या घेऊन. अगं, सुट्या घोटात ती कळणार कशी? तीच शेनिन इंद्रायणीचा भात आणि वालाचं बिरडं यांच्यासोबत घ्यायची होतीस. भात चिकट, बिरड्यातलं ओलं खोबरं टाळूला धरून राहतं, त्यावर तो आंबटपणा आला की तोंड स्वच्छ होतं, मागून कैरीच्या सालीसारखा वास येतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. आंबट ती असायलाच हवी. जानेवारी ते मार्च तोडणी चालते, ऊन वाढेल तशी द्राक्षात साखर झपाट्यानं चढते आणि आंबटपणा उतरत जातो. म्हणून बागाईतदार सारखी गोडी मोजत असतात, पहाटेच्या गारव्यात घड उतरवतात. एवढा आटापिटा ज्यासाठी, त्यालाच तू नाक मुरडलंस.

आणि बोलण्यासारखं काही नाही कसं? मामी कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी काय लिहिते ते तू पाहिलंयस. ‘पेरूचा वास. तळलेल्या बोंबलांना छान.’ ‘दोडक्याला नाही.’ ‘दुसऱ्या दिवशी जास्त बरी.’ माझं मत वेगळं पडलं तर तेही त्याच चौकोनात, बारीक अक्षरात. दोघांनी एकच भाजी खाल्लेली असते म्हणून हे बोलणं रंगतं. महागड्या बाटलीपुढं किंमतच आधी बोलते आणि सगळे माना डोलावतात. साहेबांसमोर तुम्ही तरी दुसरं काय करणार?

तुझ्या आईला विचार, आमच्या तरुणपणी वाइन म्हणजे काय अप्रूप होतं. ऐंशीच्या दशकात शाम चौगुल्यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रानं फेसाळती वाइन काढली, ओमर खय्याम नावानं ती परदेशी गेली. पुण्याजवळ पिकून आपल्याला मात्र ती सणासमारंभाचीच वाटायची. पुढं २००० साली राजीव सामंतांची सुलाची पहिली वाइन आली, २००१ मध्ये सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, अकलूजला फ्रातेल्ली ही वायनरी उभी राहिली. आता कुठं साधं जेवण आणि साधी वाइन एका ताटाशी बसायला लागली आहेत, तर तुमची पिढी तिला पुन्हा कपाटात नेऊन ठेवते आहे.

वाइन ही दारूच, हे तुझ्या बाबांचं म्हणणं मला मान्य आहे. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा आमचं कडाक्याचं भांडण झालं, पण या मुद्द्यावर नाही. कुठलंच प्रमाण निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलंय. म्हणूनच आमची एक बाटली फिरकीचं झाकण लावून तीन-चार जेवणं पुरते, आणि मधले कित्येक दिवस पेले पालथेच असतात. भीती वाटते ती तुमच्या रीतीची. महिनाभर काही नाही आणि मग एका रात्री, एवढे पैसे घातले म्हणून, बाटली संपवायचीच! त्यानंतर गाडी कोण चालवतं? मागे लोणावळ्याहून रात्री उशिरा गाडीतून फोन केला होतास, तेव्हा मी विचारलं नाही. आज विचारतोय.

आणखी एक. तुझी आई म्हणत होती, तू ऑफिसात तीन-तीन वाजता डबा उघडतेस आणि जावईबापू रात्री उशिरा येऊन एकटेच जेवतात. खरं आहे का हे? तुझ्या पर्समध्ये ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी मी पाहिली होती. मग आधी वाइन राहू दे बाजूला. आठवड्यातून निदान चार रात्री दोघं एका वेळी पानावर बसा, फोन आतल्या खोलीत ठेवा. साहेबांचं जेवण एका दिवसाचं आहे, सोनू.

पुढल्या रविवारी दोघंही या. गाडी आणू नका, लोणावळा लोकलनं तळेगावला उतरा, मी स्टेशनवर येतो. साहेबांसाठी आणलेल्यातली काही उरली तर झाकण घट्ट लावून घेऊन ये. मामी करवंदाचं लोणचं आणि तांदळाची भाकरी करणार आहे. जावईबापूंना त्याबरोबर ती कशी लागते ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. ते परवा काहीच बोलले नाहीत, पण पेला त्यांनी पुन्हा भरून घेतला होता.

तुझा,
मामा